वर्ल्ड कप आधी बायकांनी खेळला

क्रिकेटचा पहिला वर्ल्ड कप कधी झाला विचारलं की लोक पटकन १९७५ सांगतात, लॉर्ड्स, क्लाइव्ह लॉइड, वेस्ट इंडीज. तो पुरुषांचा पहिला. क्रिकेटचा पहिला वर्ल्ड कप त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ च्या जून-जुलैमध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि तो बायकांचा होता. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी कप जिंकल्यापासून आसपासची बरीच मंडळी नव्यानेच हे सगळं बघायला लागलीयेत, छानच आहे, पण त्यांच्याशी बोलताना लक्षात येतं की २०१७ च्या आधीचं काही कुणाला माहीतच नाही, म्हणून जेवढं आठवतंय तेवढं सलग लिहितेय.

तर १९७३. रेचल हेहो फ्लिंट ही इंग्लंडची कॅप्टन, आणि जॅक हेवर्ड नावाचा बडा उद्योजक, दोघंही मूळचे वुल्व्हरहॅम्प्टनचे. बायकांचा वर्ल्ड कप घेऊया असं दोघांच्या बोलण्यातून निघालं आणि हेवर्डने त्यासाठी ४०,००० पौंड दिले. म्हणजे या खेळातली पहिली जागतिक स्पर्धा एका माणसाच्या पैशांवर उभी राहिली. मग प्रश्न आला संघ आणायचे कुठून. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे तीन होतेच, कॅरिबियनमधून जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो असे दोन वेगवेगळे संघ आले, इंग्लंडच्याच तरुण मुलींचा यंग इंग्लंड, आणि वेगवेगळ्या देशांतल्या खेळाडू एकत्र करून एक इंटरनॅशनल इलेव्हन, असे सात झाले. २० जूनची पहिलीच मॅच, जमैका विरुद्ध न्यूझीलंड, एकही बॉल न पडता पावसात वाहून गेली. पण नंतर जे क्रिकेट झालं ते खणखणीत होतं, इंग्लंडच्या पहिल्या मॅचमध्ये लिन थॉमस आणि एनिड बेकवेल या दोन्ही ओपनर्सनी सेंच्युरी मारली. फायनल अशी नव्हतीच, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, पण गणित असं जुळून आलं की २८ जुलैची एजबॅस्टनवरची शेवटची मॅच, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, हीच फायनल ठरली. बेकवेल ११८, इंग्लंड ३ बाद २७९, आणि ९२ धावांनी जिंकले. प्रिन्सेस ॲनच्या हस्ते कप मिळाला.

लॉर्ड्सवर मात्र बायकांना पाय ठेवता आला १९७६ मध्ये. वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमला आपल्याच देशातल्या त्या ग्राउंडवर खेळायला तीन वर्षं थांबावं लागलं, हे मला आजही पचत नाही.

भारत १९७३ मध्ये नव्हता, पण आपल्याकडे त्याच वर्षी विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया लखनौला रजिस्टर झाली आणि पहिली नॅशनल स्पर्धा पुण्यात झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीनच संघांची. आणि पाच वर्षांत आपण थेट वर्ल्ड कपचे यजमान! १९७८ चा तो वर्ल्ड कप चार संघांचा होता, वेस्ट इंडीज आणि नेदरलँड्सला पैशाअभावी येता आलं नाही, त्यामुळे सगळ्या मिळून मॅचेस सहा. कलकत्ता, जमशेदपूर, पाटणा, हैदराबाद. आपल्या मुली आयुष्यातली पहिली वनडे खेळल्या तीच वर्ल्ड कपमध्ये, १ जानेवारी १९७८ ला ईडन गार्डन्सवर, आणि ६३ वर ऑल आउट झाल्या. तिन्ही मॅच हरलो. कॅप्टन होती डायना एडलजी. कप ऑस्ट्रेलियाने नेला, आणि मग पुढची दोन्ही वेळा पण त्यांनीच नेला.

१९८२ न्यूझीलंड. पाच संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी तीन-तीनदा खेळायचं, म्हणजे एकेका टीमला लीगमध्येच बारा मॅचेस. पहिल्यांदा खरीखुरी फायनल झाली, क्राइस्टचर्चला, इंग्लंड ६० ओव्हर्समध्ये ५ बाद १५१ आणि ऑस्ट्रेलियाने ते ७ विकेट्स घालवून ५९ व्या ओव्हरमध्ये गाठलं. मग सहा वर्षांचा खंड. १९८८ ला ऑस्ट्रेलियात झाला, फायनल मेलबर्नच्या एमसीजीवर, इंग्लंड १२७, ऑस्ट्रेलिया ८ विकेट्सनी विजयी. भारत त्यात नव्हताच. म्हणजे १९८२ नंतर आपल्या मुली पुढचा वर्ल्ड कप खेळल्या तो एकदम १९९३ ला, अकरा वर्षांनी! ज्या मुलीचं सगळं करिअर या अकरा वर्षांत बसलं तिच्या वाट्याला एकही वर्ल्ड कप नाही, किती जणी गेल्या असतील अशा. आणि १९९३ ला कॅप्टन कोण, तर पुन्हा डायना एडलजी. १९७८ ला कॅप्टन आणि पंधरा वर्षांनी परत कॅप्टन, मला ही गोष्ट सेंच्युऱ्या आणि विकेट्सपेक्षा मोठी वाटते, कारण मधल्या काळात मॅचेस मिळतील याचीच खात्री नसताना ती टिकून राहिली.

तो १९९३ चा वर्ल्ड कपसुद्धा होतोय की नाही अशी परिस्थिती होती. इंग्लंडमध्ये पैसे जमेनात, शेवटी फाउंडेशन फॉर स्पोर्ट अँड द आर्ट्स या संस्थेने ९०,००० पौंड दिले तेव्हा जमलं. फायनल १ ऑगस्टला लॉर्ड्सवर, इंग्लंडने न्यूझीलंडला ६७ धावांनी हरवलं. वीस वर्षांत पाच वर्ल्ड कप, आणि पाचव्यालाही कुणीतरी पैसे देईल का म्हणून वाट बघायची वेळ. खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळायच्या, रजा काढून यायच्या, वर स्वतःचे पैसे घालायच्या. ६० ओव्हर्समध्ये १५१ च का म्हणून आज कुणी नाक मुरडलं तर त्याला आधी हे सांगा.

आता १९९७, माझा सगळ्यात लाडका वर्ल्ड कप. भारतात झाला, अकरा संघ आले, त्याआधी एवढे कधीच आले नव्हते. साउथ आफ्रिका, पाकिस्तान, श्रीलंका तिघी पहिल्यांदा. १६ डिसेंबरला मुंबईत वांद्र्याच्या एमआयजी ग्राउंडवर ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या. वनडेतली पहिली डबल सेंच्युरी ही, पुरुष-बाई सगळे धरून. सचिनची ग्वाल्हेरची २०० आली फेब्रुवारी २०१० मध्ये, बारा वर्षांनंतर, तरीही क्विझमध्ये अजून लोक सचिनचंच नाव घेतात. आणि त्याच दिवशी पुण्यात इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ मारल्या, वयाची अठरा वर्षं नुकतीच होत होती तिची. एकाच दिवशी मुंबईत आणि पुण्यात एवढं घडलं आणि टीव्हीवर काही नाही, जे आहे ते स्कोअरकार्डात. आपण सेमीफायनलला दिल्लीत ऑस्ट्रेलियाकडून हरलो, आणि २९ डिसेंबरच्या ईडनवरच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ५ विकेट्सनी हरवलं. त्या फायनलला बाउंड्रीवर बॉल गर्ल म्हणून एक शाळकरी मुलगी उभी होती, पुढे भारताची फास्ट बॉलर झालेली झुलन गोस्वामी. तिनेच नंतर सांगितलंय की त्या दिवशी तिने क्रिकेटर व्हायचं ठरवलं. एखादी मोठी स्पर्धा आपल्या गावात होणं म्हणजे काय असतं हे यावरून कळतं.

२००० पासून संघ आठ केले. त्यावर शेवटी येते. २००० ची फायनल न्यूझीलंडमध्ये लिंकनला, न्यूझीलंड १८४, ऑस्ट्रेलिया १८०, बेलिंडा क्लार्कच्या ९१ असूनही ४ धावांनी हरले. न्यूझीलंडचा वनडेतला तो एकमेव वर्ल्ड कप.

२००५, साउथ आफ्रिका. सेमीफायनलमध्ये मिताली राजने नाबाद ९१ करून न्यूझीलंडला बाहेर काढलं आणि भारत पहिल्यांदा फायनलमध्ये. सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाच्या कॅरेन रोल्टनने नाबाद १०७ मारल्या आणि आपण २१६ च्या मागे धावताना ११७ ला संपलो. या वर्ल्ड कपमध्ये एका मॅचचे १,००० रुपये मिळाले होते असं मितालीने नंतर मुलाखतीत सांगितलं. वर्ल्ड कप फायनलिस्ट, आणि मॅचचे हजार रुपये. त्याच वर्षी महिला क्रिकेटचा जागतिक कारभार आयसीसीकडे गेला आणि २००६ ला आपल्याकडे बीसीसीआयकडे. ताबडतोब सगळं पालटलं असं अजिबात नाही, २०१३ चा वर्ल्ड कप भारतात होता तर वानखेडेवरच्या मॅचेस रणजी फायनलसाठी दुसरीकडे हलवल्या! वर्ल्ड कप बाजूला सरकवून डोमेस्टिक फायनल, पुरुषांच्या बाबतीत असं कुणी स्वप्नातही करणार नाही. आपण त्यात श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, फायनल ब्रेबॉर्नवर झाली, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला हरवलं. (त्याआधीचा २००९ चा इंग्लंडने जिंकला होता, सिडनीत.)

माझ्या मते खरा फरक पडला २०१४ ला, आयसीसीने विमेन्स चॅम्पियनशिप सुरू केली तेव्हा. आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी तीन वनडे खेळायच्याच, आणि त्यातून वर्ल्ड कपचे थेट प्रवेश ठरणार. ऐकायला रुक्ष वाटतं पण यामुळे पहिल्यांदा बोर्डांना सिरीज ठेवणं भाग पडलं, नाहीतर वर्षवर्ष मॅच नाही असं सर्रास चालायचं. गंमत म्हणजे पहिल्या चॅम्पियनशिपमध्ये पाकिस्तानविरुद्धची सिरीज न खेळल्यामुळे आपले पॉइंट्स गेले आणि २०१७ च्या वर्ल्ड कपसाठी आपल्याला कोलंबोला क्वालिफायर खेळावी लागली. तिच्या फायनलला साउथ आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या दोन बॉलवर आठ हव्या होत्या आणि एकच विकेट शिल्लक, हरमनप्रीत कौरने सिक्स मारली आणि मग दोन धावा पळून काढल्या. ती मॅच फार कुणी पाहिली नाही, पण पाच महिन्यांनी डर्बीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ बॉलमध्ये नाबाद १७१ करणारी बाई तीच. मग इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सची फायनल, २२९ करायच्या, ३ बाद १९१ पर्यंत होतो, पूनम राऊत ८६, आणि तिथून ॲन्या श्रबसोलने पाच विकेट्स काढल्या, मॅचमध्ये एकूण सहा. ९ धावांनी हरलो. त्याबद्दल अजून लिहायला नको वाटतं.

टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप २००९ पासून सुरू झाला, त्यात बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाच, पण २०१६ ला वेस्ट इंडीजने ईडनवर त्यांना हरवलं आणि २०२४ ला दुबईत न्यूझीलंडने जिंकला. आणि ८ मार्च २०२० चा एमसीजी, भारत-ऑस्ट्रेलिया फायनल, ८६,१७४ प्रेक्षक. हरलो ८५ धावांनी, पण ती गर्दी बघून मला रडू आलं होतं.

२०२२ ला क्राइस्टचर्चला फायनलमध्ये अलिसा हीलीने १७० मारल्या, ऑस्ट्रेलिया ५ बाद ३५६. त्याच शहरात १९८२ ला १५२ चं टार्गेट कसंबसं गाठलं होतं. मधल्या काळात मुलींना कॉन्ट्रॅक्ट मिळाली, फिजिओ मिळाले, दिवसभर फक्त क्रिकेट खेळायची मुभा मिळाली, हे त्याचं उत्तर आहे.

आणि २०२५. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ च्या मागे जाताना जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७, हरमनप्रीतच्या ८९. आधीच दुखापत झालेल्या प्रतिका रावलच्या जागी आलेली शफाली वर्मा फायनलला ८७ करते, वर दोन विकेट्स घेते, दीप्ती शर्मा अर्धशतक आणि पाच विकेट्स, लॉरा वुल्वार्ट १०१ करूनही साउथ आफ्रिका ५२ धावांनी मागे. नंतर टीमने कप मिताली, झुलन आणि अंजुम चोप्राच्या हातात दिला ते तर सगळ्यांनी पाहिलंच.

आता त्या आठ संघांबद्दल. १९९७ च्या अकरा संघांवर टीका अशी झाली की मॅचेस फार एकतर्फी होत्या, आणि होत्याच, डेन्मार्क ४१२ च्या मागे ४९ ला आउट, पाकिस्तान ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७. पण त्याच वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा आलेली श्रीलंका २०१३ ला इंग्लंडला आणि आपल्याला हरवते, आणि १९९७ लाच पहिल्यांदा आलेली साउथ आफ्रिका २०२५ ची फायनल खेळते. आपण स्वतः ६३ पासून सुरुवात केली होती. तेव्हा ६३ वाल्यांना बाहेर ठेवलं असतं तर? २०२१ ला हरारेची क्वालिफायर ओमिक्रॉनमुळे अर्ध्यात बंद केली आणि रँकिंगवर जागा वाटल्या, त्यात बांगलादेशला हरवलेली थायलंडची टीम बाहेर राहिली, कारण त्यांना वनडेचं रँकिंगच नव्हतं. २०२९ ला आयसीसी दहा संघ करणार आहे, चांगलं आहे, पण १९९७ पेक्षा अजून एक कमीच, आणि डेन्मार्क, नेदरलँड्स, आयर्लंड यांच्याकडे मधल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या मुली खेळायच्या थांबल्या त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.