पिक्चर, पंखा आणि बारा व्होल्टची पिन

आमच्या पार्ल्याच्या घरात हॉलची एकच भिंत मोकळी आहे आणि दर भाद्रपदात पाच दिवस तिथे गणपती बसतो. त्यामुळे होम थिएटरचा विषय काढला तेव्हा बायकोने किंमत विचारली आणि आईने जागा. "पडदा तिथे लावलास तर मखर कुठे?" मी म्हटलं, मोटरचा पडदा घेऊ, नको तेव्हा वर गुंडाळून जाईल. आईला पटलं. बायको म्हणाली, "एवढ्यात छोटी गाडी येते ना रे?" मी म्हटलं, गाडी उभी करायला सोसायटीत जागा कुठाय? हा मुद्दा बिनतोड होता.

मग तीन शनिवार अंधेरीपासून लोअर परळपर्यंत शोरूम पालथ्या घातल्या. सगळीकडे तीच दृश्यं: रंगीत मासे, बर्फाचे डोंगर, रात्रीचं लखलखतं शहर. असली चित्रं कशावरही छानच दिसतात. दुसऱ्या शनिवारपासून मी स्वतःची डिस्क न्यायला लागलो. तिच्यात एक प्रसंग आहे: पावसाळी रात्र, कंदील घेऊन चाललेला माणूस, बाकी काळोख. काही प्रोजेक्टरवर तो काळोख चुलीतल्या राखेसारखा दिसला, काहींवर त्या माणसाच्या घोंगडीची घडीसुद्धा दिसली. यादी तिथेच अर्धी झाली.

एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये, म्हणजे बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्यात, लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक पडद्यावर पडतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला ते एकत्रच दिसतात. निदान माझ्या तरी. बरोबर आलेल्या मेहुण्याने नजर जरा इकडची तिकडे केली की त्याला पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्य दिसायचं. तीन लेझरवाल्या मॉडेलचे रंग भन्नाट होते, पण ढगांवर पिठीसाखर सांडल्यासारखी बारीक चमचम मला दिसत राहिली. तिला स्पेकल म्हणतात आणि एकदा दिसली की मग तीच दिसते. एका सेल्समनने भिंतीला खेटून ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो गळ्यात मारायचा फार प्रयत्न केला. तो ठेवायचा पडद्याच्या बरोब्बर खाली, टेबलावर. म्हणजे पुन्हा मखराचीच जागा.

शेवटी सोनीचा एक्सडब्ल्यू ५००० ठरला. खरे ४के पॅनल, म्हणजे चित्राचे सगळे बारीक ठिपके (पिक्सेल) पॅनलवर खरोखर असलेले, २००० ल्युमेन (उजेडाचं माप), आणि लेझरचं आयुष्य २०,००० तास. रोज तीन तास बघितलं तरी अठरा वर्षं. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा मी दोनदा बदललाय, त्यामुळे हा आकडा मला कुठल्याही डेमोपेक्षा जास्त भावला. याच्या थोरल्या भावाला, एक्सडब्ल्यू ७००० ला, ३२०० ल्युमेन आणि मोटरवर फिरणारी लेन्स आहे. याची लेन्स हाताने फिरवावी लागते. एकदा बसवल्यावर रोज कोण फिरवतंय?

लेझर म्हटल्यावर आईला डोळ्यांच्या दवाखान्यातलं मशीन आठवलं. तिला सांगितलं की आत निळे लेझर पिवळ्या फॉस्फरवर पडतात, त्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि त्यात निळा मिसळला की पांढरा होतो. पडद्यावर येतो तो पसरलेला प्रकाश. अर्थात चालू असताना लेन्सला डोळा लावायचा नाही, हे भाच्याला दोनदा दटावून सांगावं लागलं.

मला हवा होता १२० इंची पडदा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेला. या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.३८ पासून सुरू होतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किमान १.३८ पट अंतर लेन्सपासून पडद्यापर्यंत हवं. १२० इंची चित्र २६६ सेंटिमीटर रुंद, म्हणून अंतर हवं ३६७. हॉल १४ फुटी. त्यातून पडद्याची पेटी, प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागे हवा खेळायला जागा सोडली की उरतात ३६०. सात सेंटिमीटर कमी! तीन वेळा टेप लावली. मेहुणा म्हणाला, "भिंत थोडी तासून घे." अखेर ११० इंचांवर आलो आणि खरं सांगायचं तर नंतर एकदाही चुकचुकलो नाही. तेवढ्या पडद्यावर पूर्ण अंधारात थिएटरच्या मापाचा, म्हणजे ४८ निटचा (निट हे पडद्यावरच्या उजळपणाचं माप), पांढरा मिळवायला साधारण ५०० ल्युमेन पुरतात. उरलेला उजेड एचडीआरच्या, म्हणजे जास्त उजळ-गडद फरक असलेल्या चित्राच्या, लखलखाटाला कामी येतो. दिवसा खिडक्या उघड्या टाकून मॅच बघायची असेल तर मात्र टीव्हीच बरा.

शोरूममध्ये कुणीच पंख्याबद्दल बोललं नव्हतं. तिथे पंखा नसतोच! आमच्या हॉलच्या मधोमध पंखा, त्याच्या पुढे आडवा बीम, स्लॅबपासून १५ इंच खाली उतरलेला. प्रोजेक्टर छताला चिकटवला तर अर्धं चित्र बीमवर, आणि उरलेल्यात पात्यांची सावली गरगरणार. तेव्हा स्लॅबपासून दीड फुटाची नळी सोडून लेन्स जमिनीपासून आठ फुटांवर आणली, पंख्याचा दांडा कापून आखूड केला. लेन्स चित्राच्या वरच्या कडेपेक्षा नऊ इंच उंच राहिली. एवढा फरक लेन्स शिफ्टने, म्हणजे प्रोजेक्टर न वाकवता लेन्स सरकवून, सहज खाली घेता येतो. इन्स्टॉलेशनला आलेला मुलगा "कीस्टोन मारून देतो" म्हणत होता, त्याला थांबवलं. कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र प्रोजेक्टरच्या आतच सरळ करणं; त्यात चौकट सरळ दिसते, पण त्यासाठी चित्राच्याच पिक्सेलवर कात्री चालते. मग खऱ्या ४के पॅनलला पैसे कशाला मोजायचे?

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, हे सगळं नेहमीचं.

केबलचं मात्र नेहमीचं नव्हतं. रिसीव्हरपासून (प्लेअर आणि स्पीकर जोडायचा डबा) भिंतीतून वर, मग पीओपीच्या पट्ट्यातून मागे, असा १२ मीटरचा रस्ता. एवढ्या लांबीला तांब्याची एचडीएमआय केबल ४के एचडीआर नेईलच याचा भरवसा नसतो, म्हणून फायबरची आणली. प्रोजेक्टर यायला वेळ होता, पीओपीवाला मोकळा होता. वायरमनने केबल ओढली, पीओपी झाला, लांबी-पट्टी घासून रंगसुद्धा झाला. दोन आठवड्यांनी प्रोजेक्टर लटकला, चालू केला, आणि निळ्या पडद्यावर एकच ओळ: सिग्नल नाही.

दोन रात्री मी सेटिंग चाळत बसलो. रिसीव्हर बदलून बघितला, प्लेअर थेट जोडून बघितला. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये प्रोजेक्टरकडचं टोक हातात धरलं. काळ्या प्लास्टिकवर काळीच उठावाची अक्षरं, अंगठ्याला आधी लागली, मग दिसली: 'सोर्स'. फायबरच्या केबलला दिशा असते. एका टोकाला प्रकाश सोडणारी चिप, दुसऱ्या टोकाला तो पकडणारी. आमची संपूर्ण उलटी होती. वायरमनला फोन केला तर म्हणाला, "साहेब, केबल ती केबल. पाण्याच्या पाइपासारखी, इकडून घाला नाहीतर तिकडून." त्याच्यावर काय चिडणार? माहितीपत्रक माझ्याच कपाटात होतं.

उलटी ओढून काढावी, तर २५ मिलिमीटरच्या पाइपाच्या कोपऱ्यात तिचं डोकं अडकलं. नव्या रंगावर ग्राइंडर चालला. कोपऱ्यातला पीओपी फोडला, तिथे ४० मिलिमीटरचा पाइप सैल वळण देऊन टाकला, आणि या वेळी केबलबरोबर एक नेटवर्कची वायर आणि नुसती नायलॉनची दोरीही आत सोडून ठेवली, पुढे कधी काही ओढावं लागलं तर. पीओपीची पांढरी भुकटी आईच्या लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावरही बसली. तो आठवडा घरात मी फार बोललो नाही.

चित्र आलं, सुंदर आलं, तरी कंदीलवाल्याचा काळोख शोरूमसारखा नव्हता. आमचं छत पांढरंशुभ्र. पडद्यावरचा उजेड छतावर जातो आणि तिथून परत पडद्यावर सांडतो, हे वाचून माहीत होतं. मंगलदास मार्केटमधून सहा मीटर काळी मखमल आणली. मी आणि बायको दोन स्टुलांवर उभे राहून ती पडद्याजवळच्या छताखाली ताणून धरली आणि मुलीला सोफ्यावर बसवून तोच प्रसंग लावला. ती ओरडली, "बाबा, मागे झाड आहे!" खाली घेतली, झाड गेलं. वर धरली, झाड आलं. पाच-सहा वेळा हाच खेळ केला, शेवटी हात दुखले. एवढ्या महागड्या यंत्राला जे जमत नव्हतं ते सुती-रेशमी कापडाने केलं, याची मला थोडी लाजच वाटली.

छत काळं करायला आईची सक्त मनाई. तोडगा म्हणून पडद्याकडचं सहा फूट छत गडद निळं, मॅट. बाजूच्या भिंतींना गडद मरून पडदे, पिक्चरच्या वेळी पुढे सरकणारे. खिडकीला दुहेरी पडदा, तरी कडेच्या फटीतून रस्त्यावरचा दिवा डोकावायचा. तिथे उरलेली मखमल शिवली.

ऑटोमेशनमध्ये माझा हेतू एवढाच होता की आईला पाच रिमोट सांभाळायला लागू नयेत. दाराशी एक बटण, वर लिहिलंय 'पिक्चर'. ते दाबलं की पडदे सरकतात, दिवे हळूहळू मंदावतात, प्रोजेक्टर जागा होतो. जागा झाला की त्याच्या मागच्या छोट्या पिनमधून १२ व्होल्ट निघतात आणि त्या इशाऱ्यावर मोटरचा पडदा खाली येतो. पहिल्या महिन्यात निम्म्या वेळा चित्र ४के ऐवजी १०८० वरच, म्हणजे कमी बारकाव्यावर, अडकायचं. कारण प्लेअर चालू होताच समोरच्याला विचारतो, तुला काय काय दाखवता येतं? प्रोजेक्टर तेव्हा अर्धवट झोपेत, उत्तर धड नाही, मग प्लेअर आपला कमीवर समाधान मानतो. सगळं एकदम चालू करण्याचा माझा उत्साह नडला. आता आधी प्रोजेक्टर, ४५ सेकंद थांबून रिसीव्हर, सर्वांत शेवटी प्लेअर. या ४५ सेकंदांत आई उदबत्ती विझली का बघून येते. बंद करतानाही मेन स्विच मारायचा नाही, आतला पंखा आपला आपण थांबू द्यायचा.

जुलैत पडदा महिनाभर गुंडाळलेला राहिला तर कुबट वास येतो, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी तो उगाचच तासभर खाली सोडतो. मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली तीही ७ जुलै १८९६ ला, ऐन पावसात. त्यांच्या पडद्याचं काय झालं असेल, हा विचार दर रविवारी येतो. बाकी आवाजाचं म्हणाल तर सात स्पीकर आहेत, आणि आठवा सहार विमानतळाचा. धावपट्टी बदलली की कळतं.

गेल्या गणपतीत दुसऱ्या दिवशीची आरती चालू होती. 'सुखकर्ता' संपून 'लवथवती' सुरू झालं आणि हॉलमधले दिवे मंदावायला लागले. शेजारच्या काकूंना वाटलं, खास आरतीसाठी केलंय; त्या कौतुकाने माझ्याकडे बघून हसल्या. मरून पडदे सरकले. भाचा दाराशी बटणापाशी उभा, हाताची घडी घालून. मखराच्या वरच्या पेटीतून ११० इंची पडदा शांतपणे खाली यायला लागला. हातात तबक, खाली ठेवायला जागा नाही. पुठ्ठ्याच्या कळसाला पडद्याची पट्टी टेकणार तेवढ्यात बायकोने धावत जाऊन मोटरचा स्विच बंद केला. चार बोटांचं अंतर राहिलं होतं. आईने आरती थांबवली नाही, फक्त आवाज चढवला.

यंदा हरतालिकेच्या दिवशीच मी स्टुलावर चढून १२ व्होल्टची पिन काढली. ती पाच दिवस देवघराच्या खणात, कापराच्या डबीशेजारी होती.