ब्रिटिश पासपोर्टवरचे ९० दिवस: मोजायचे ते मागे

१ जुलैला स्पेनमध्ये उतरायचं, ३० सप्टेंबरला परतायचं. तीन महिने चालतात ना? चालत नाहीत. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, मिळून ९२. नियम महिन्यांत नाही, दिवसांत आहे, आणि इथे दोन दिवस जास्त झाले. लबाडी करायची म्हणून असं कुणी करत नाही. नीट न मोजल्यामुळे होतं, आणि त्याचा भुर्दंड मात्र खराखुरा बसतो.

युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा ब्रिटनचा संक्रमण काळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. १ जानेवारी २०२१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, ब्रिटिश नागरिक 'बाहेरच्या देशाचा' ठरतो. व्हिसा लागत नाही, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. २९ देशांचा मिळून हा एकच हिशेब. फ्रान्समध्ये ४० आणि ग्रीसमध्ये ५० दिवस राहिलात की ९० संपले. उतरल्याचा दिवस पूर्ण धरतात, निघाल्याचाही पूर्ण. रात्री साडेअकराला शिक्का पडला तरी तो एक दिवसच.

गोंधळ होतो तो 'कोणत्याही' या शब्दामुळे. हा काळ जानेवारी ते जून असा ठरलेला नाही, आणि पहिल्यांदा उतरलात तेव्हापासूनही सुरू होत नाही. तो रोज सरकतो. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि १८० घरांची एक कागदी पट्टी कापा. पट्टीचं उजवं टोक तपासायच्या तारखेवर ठेवा, म्हणजे डावं टोक १७९ दिवस मागे जाईल. पट्टीखाली जेवढे शेंगेनमधले दिवस येतील ते मोजा, ती तारीखही धरून. ९० किंवा कमी असतील तर त्या दिवशी तिथे असणं कायदेशीर. मग पट्टी एक घर पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. मुक्कामाच्या प्रत्येक दिवसासाठी हे करायचं, फक्त उतरण्याच्या दिवसासाठी नाही.

एक हिशेब करून बघू. पहिली फेरी ५ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२६, म्हणजे ३० दिवस. दुसरी १ एप्रिल ते १० मे, ४० दिवस. आता २० जूनला पुन्हा जायचंय. २० जूनची पट्टी २३ डिसेंबरपर्यंत मागे जाते, म्हणजे ७० दिवस वापरलेले आणि २० उरलेले. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ९ जुलैचं परतीचं तिकीट काढतात. पण ३ जुलैला ५ जानेवारीचं घर अजून पट्टीखाली असतं, ४ जुलैला ते बाहेर पडतं, आणि त्यानंतर रोज जानेवारीतला एक जुना दिवस गळतो, एक नवा जमा होतो. बेरीज महिनाभर ८४ वरच राहते. २ ऑगस्टला पहिली फेरी पूर्ण गळलेली असते. मग बेरीज पुन्हा चढायला लागते आणि ८ ऑगस्टला बरोबर ९० होते. म्हणजे २० नाही, ५० दिवस राहता आलं असतं.

आता उलटी चूक. कुणी ३ एप्रिलला जातं, ३० जूनपर्यंत राहतं, म्हणजे ८९ दिवस होतात, आणि 'नवं अर्धवर्ष सुरू झालं' असं समजून जुलैतही तिथेच राहतं. १ जुलै हा नव्वदावा दिवस. २ जुलैपासून मुक्काम बेकायदा. एक दिवस लंडनला जाऊन आल्याने मीटर शून्यावर येतो, हाही असाच एक चिवट गैरसमज. मधल्या दिवसांत आकडा फक्त थांबतो. सलग ९० दिवस राहिलात तर पुढचे ९० दिवस बाहेरच काढावे लागतात.

कोणता देश कुठल्या हिशेबात, हेही बघून ठेवा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, आणि ब्रिटिश नागरिकाला तिथे दिवसांची मर्यादाच नाही. सायप्रस युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे त्याचे दिवस वेगळे मोजतात. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला. बल्गेरिया आणि रुमानिया विमान-जहाजमार्गांसाठी मार्च २०२४ मध्ये आणि जमिनीवरच्या सीमांसाठी १ जानेवारी २०२५ ला आले. 'थोडे दिवस बल्गेरियात काढून ९० वाचवू' ही जुनी युक्ती आता उलटते. अल्बानिया, सर्बिया, माँटेनेग्रो बाहेर आहेत, त्यांचे नियम त्यांचे.

शिक्क्यांच्या काळात पुसट शाईमुळे बरंच काही निभावून जायचं. ईईएस या नव्या नोंदणी यंत्रणेत ते होत नाही. ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि सगळीकडे लागू होण्याची तारीख १० एप्रिल २०२६ ठरवली गेली. पहिल्या वेळी पासपोर्ट स्कॅन होतो, चेहऱ्याचा फोटो घेतात, चार बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. नोंद तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच. नवा पासपोर्ट काढल्याने जुने दिवस पुसले जात नाहीत, कारण ठसे तेच असतात. डोव्हर, फोकस्टन आणि लंडनचं सेंट पँक्रस इथे फ्रेंच सीमा पोलीस ब्रिटनच्याच जमिनीवर तपासणी करतात. म्हणून मध्यरात्रीच्या आसपासचा प्रवास असेल तर गाडी कधी सुटते ते बघू नका, खिडकीवर पासपोर्ट कधी तपासला ते बघा.

जास्त राहिलं तर काय होतं? दंड प्रत्येक देशाचा वेगळा. स्पेनच्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात हा गंभीर भंग आहे, दंड ५०१ ते १०,००० युरो. जर्मनीत बेकायदा वास्तव्य फौजदारी गुन्हा ठरू शकतं, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. परत पाठवण्याचा आदेश निघाला तर सोबत प्रवेशबंदी येऊ शकते, साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांची. ती शेंगेनच्या सामाईक यादीत जाते, म्हणजे स्पेनने घातलेली बंदी इटलीतही लागू. दोन-तीन दिवसांच्या चुकीला अधिकारी समज देऊन सोडेलही, पण नोंद राहते आणि पुढच्या वेळी प्रश्न विचारले जातात. त्या भरवशावर तिकीट काढू नये.

आजारपण आलं, अपघात झाला, तर नव्वदावा दिवस उलटायची वाट पाहू नका. आधीच स्थानिक कार्यालयात जा. फ्रान्समध्ये ते प्रेफेक्त्यूर, स्पेनमध्ये परदेशी नागरिकांचं कार्यालय. रुग्णालयाचं पत्र, तारखेसह, सोबत न्या आणि मुदतवाढीचा अर्ज करा. मुदतीच्या आत केलेला अर्ज आणि नंतर दिलेलं स्पष्टीकरण यांत खूप फरक पडतो.

दरवर्षी चार-पाच महिने राहायचं असेल तर ९० दिवसांशी झुंजत बसण्यापेक्षा त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. फ्रान्सचा तात्पुरता दीर्घ व्हिसा सहा महिन्यांपर्यंत मिळतो. शुल्क ९९ युरो, निघण्याआधी तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो, नोकरी करता येत नाही. फ्रान्समध्ये घर आहे म्हणून आपोआप व्हिसा देण्याची तरतूद संसदेत मंजूर झाली होती, पण तिथल्या संविधान परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द केली. त्यामुळे घरमालकालाही अर्ज करावाच लागतो. स्पेनमध्ये नोकरी न करता राहण्याच्या परवान्यासाठी महिना २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, सोबतच्या प्रत्येकासाठी आणखी ६००. आणि वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर स्पेनचा कर लागू शकतो. अशा व्हिसावरचे दिवस ९० मध्ये धरत नाहीत, पण ते त्याच देशापुरतं. फ्रान्सचा व्हिसा खिशात असताना इटलीत राहिलेले दिवस धरले जातातच.

ब्रिटनमधल्या आपल्या घरांत एक वेगळी अडचण असते, एका घरात दोन-तीन रंगांचे पासपोर्ट. नवरा ब्रिटिश आणि बायको भारतीय नागरिक असेल, तर त्याला मिळणारे ९० दिवस तिला आपोआप मिळत नाहीत. तिच्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत आणि मुक्कामाचे दिवस किती. दोन तारखांमध्ये ३५ दिवस असले आणि मुक्कामाच्या रकान्यात २० लिहिलं असेल, तर विसाच दिवस. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला नेता येत नाही. त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणावा. स्विंडनसारख्या शहरात गोव्याची बरीच कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर राहतात. ते युरोपीय नागरिक असल्याने त्यांना ही ९० दिवसांची मर्यादा नाही. त्यांच्यासोबत स्पेन किंवा फ्रान्सला जाणाऱ्या ब्रिटिश पती-पत्नीला कुटुंबीय म्हणून वेगळे हक्क आहेत, पण विवाहाचा दाखला बरोबर हवा.

निघण्याआधी पासपोर्टचीही तपासणी करा. प्रवेशाच्या दिवशी तो काढल्याला दहा वर्षं झालेली नसावीत, आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. सप्टेंबर २०१८ पर्यंत ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टचे उरलेले नऊ महिन्यांपर्यंतचे दिवस नव्यात जोडले जायचे, त्यामुळे समाप्तीची तारीख पुढची दिसते आणि माणूस विमानतळावरूनच परत फिरतो. समाप्तीची नाही, काढल्याची तारीख आधी बघा. एटिआस ही २० युरोंची पूर्वपरवानगी येईल तेव्हा तिच्यामुळेही दिवस वाढणार नाहीत.

बाहेर पडल्याचे पुरावे मात्र जपून ठेवा. बोर्डिंग पास, फेरीची पावती, लंडनला उतरल्यावर कार्डाने केलेली खरेदी. यंत्रणेत बाहेर पडल्याची नोंद चुकली तर तुम्ही अजून आतच आहात असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सीमेवर तुम्हालाच दाखवावं लागतं.