एफ-1वरची लाल टिकली

कोल्हापुरात राजारामपुरीत मी डेस्कटॉप सपोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची दुरुस्ती-देखभाल, शिकवतो. मुलं बहुतेक कागल, राधानगरी, करवीरच्या गावांतनं एसटीनं येतात. कुणी बारावी झालेलं, कुणी आयटीआयचा कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स, केलेलं. मशीन खोलून पुन्हा जोडणं, विंडोज टाकणं, प्रिंटर आणि नेटवर्क लावणं एवढं शिकवून झालं की शेवटच्या महिन्यात मी दोघा-दोघांना खऱ्या तक्रारीवर घेऊन जातो. गेल्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात गेलो, तो दिवस मला विसरता येत नाही.

दुकानात रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या छातीपर्यंत लागलेल्या, कोपऱ्यात बारदानाचा ढीग. तक्रार अशी, की सकाळी बँकेची साईट उघडत नाही. दुपारपर्यंत शेतकऱ्यांच्या पट्टीचे, म्हणजे विकलेल्या गुळाचे, पैसे अडकून पडतात आणि माणसं ओट्यावर बसून राहतात. आधीचा दुरुस्तीवाला दुपारी यायचा, तारीख नीट करून जायचा. ‘व्हायरस तारीख बदलतोय’ म्हणून त्यानं दोनदा फॉरमॅट मारला होता. दुसऱ्या वेळी बॅकअपसुद्धा घेतला नाही आणि मागच्या हंगामाची सगळी खाती गेली. सत्तरीतल्या दिवाणजींनी हातानं रोजकीर्द लिहिणं सोडलं नव्हतं, म्हणून निभावलं. हे ऐकलं की मला संताप येतो. दुखणं कळलं नाही म्हणून फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नव्हे. त्या डिस्कवर कुणाचा तरी वर्षभराचा हिशेब असतो.

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजले होते. मशीन चालू, तारीख बरोबर, बँकेची साईटही उघडत होती. बरोबरच्या मुलाचा हात चपळ. त्यानं तीन वेळा रीस्टार्ट करून पाहिलं, काही दिसेना. डिस्क तपासली, ती चांगली निघाली. मी राउटरपाशी गेलो. माझाही संशय इंटरनेटवरच होता.

मुरगूडहून येणारी मुलगी मात्र कीबोर्डपाशीच उभी होती. वर्गात तोंडी परीक्षेला तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ती दिवाणजींना म्हणाली, “आजोबा, या बटणावर टिकली का लावलीय?”

एफ-1वर खरंच एक लाल टिकली चिकटवलेली होती. आम्हा दोघांनाही ती दिसली नव्हती.

“ते व्हय? सकाळी चालू केलं की काळ्या पडद्यावर कायतरी इंग्रजी येतंय. ते दाबलं की फुडं जातंय. मला बटन घावत न्हवतं, म्हणून नातीनं टिकली लावून दिली.”

“हे कधीपासनं येतंय?”

“दिवाळी झाल्यापास्नं. रोजचंच हाय, त्यात काय सांगायचं?”

तिनं पुढं विचारलं, “रात्री जाताना काय काय बंद करता?”

“मेनच पाडतो की. एवढं बारदान हाय, मेन पाडल्याबिगर कुलूप लावत न्हाई.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोवर माझ्याही लक्षात आलं होतं. मालकांना विचारून तिनं मेन पाडला. पाच मिनिटं आम्ही अंधारातच उभे राहिलो. पुन्हा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ‘सीमॉस चेकसम एरर’ (बोर्डवर साठवलेली सेटिंगं बिघडल्याची खूण), आणि खाली एफ-1 दाबायची सूचना. विंडोज उघडली तेव्हा कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2012. बँकेच्या साईटवर ब्राउझर स्पष्ट सांगत होता की तुमचं घड्याळ मागे आहे. इंग्रजी दिसलं की आपल्याकडं आधी ती खिडकीच बंद करतात.

मशीन बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका गोल सेलवर चालतं. मेन चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, थोडी वीज बोर्डाला मिळत राहते, त्यामुळं दिवसभर कितीही रीस्टार्ट करा, दोष दिसत नाही. मेन पडला की सगळा भार सेलवर, आणि तो संपलेला असला की घड्याळ मागे जातं. बँकेच्या साईटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साईट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच्या हिशेबी 2012 साल चालू असेल, तर ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. फरक एवढा मोठा असला की विंडोजही आपोआप वेळ जुळवून घेत नाही.

वायर काढून तिनं कॅबिनेट उघडलं. आत धूळ आणि गुळाचा चिकटा बसलेला. नखानं क्लिप मागं सारली तसा सेल टुणकन वर आला. सीआर2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. मापं नावातच असतात. 3 व्होल्ट दाखवायला हवेत, मीटरवर 1.8 आले. मुलगा पळत जाऊन चाळीस रुपयांचा नवा सेल घेऊन आला. अधिकची बाजू वर करून तिनं तो बसवला, सेटअपमध्ये तारीख-वेळ घातली आणि पुन्हा मेन पाडायला सांगितलं. या वेळी मशीन सरळ विंडोजमध्ये गेलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच दिवाणजींचा फोन आला. “सर, आज त्यानं काय बी विचारलं न्हाई. पट्ट्या गेल्या समद्या.” मी तो निरोप भर वर्गात वाचल्यासारखा मोठ्यानं सांगितला. ती मान खाली घालून हसत होती.

तेव्हापासून पहिल्या आठवड्यात मी कुणाच्या हातात स्क्रूड्रायव्हर देत नाही. जोड्या लावतो. एकानं दिवाणजी व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं: कधीपासनं, त्या सुमारास काय बदललं, दुकान उघडल्यापासनं कुलूप लावेपर्यंत काय काय करता. ती मुलगी आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सपोर्टला आहे. सुट्टी असली की येते आणि नव्या पोरांपुढं दिवाणजी होऊन बसते. मेनचं विचारल्याशिवाय ती मेनचं सांगत नाही.