खापरं, माती आणि केमिस्ट्रीचा क्लास
आर्किऑलॉजी घेतली तेव्हा वाटलेलं नुसतं खोदायचं, पण लिबरल आर्ट्समध्ये सगळ्याच विषयांत नाक खुपसावं लागतं आणि खरं सांगू, तेच कामी आलं. एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंचं वय ज्यावरून काढतात तो कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो हे केमिस्ट्रीत शिकले, तेव्हा कुठे कळलं की साधारण ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत का चालत नाही, मोजायला काही उरतच नाही! दगडी हत्याराला तर ती लागूच नाही, शेजारी कोळसा किंवा हाड सापडलं तर नशीब. फील्डवर मात्र हातात सदा थापी, एकेक थर खरवडायचा, मातीचा रंग मन्सेल चार्ट या रंगांच्या तक्त्याशी जुळवायचा (यावरून आमची भांडणं व्हायची) आणि तासन्‌तास खापरं धुवायची. पहिल्या सीझनला मला सोनंबिनं नाही, उंदराचं बीळ सापडलं, ज्यानं तीन थर एकत्र करून ठेवलेले.