दुडकीची तारीख

इंदूर, १ नोव्हेंबर, रात्री

आज महिन्याची पहिली तारीख, म्हणजे माझ्या घोडीला, रेवाला, दुडकी (चालणे आणि पळणे यांच्या मधली चाल) चालवून पाहण्याचा दिवस. सकाळी साडेसहाला इंदूरजवळच्या राऊ येथील शेतावर पोहोचलो, तेव्हा ती पागेच्या दारातून मान बाहेर काढून उभी होती, आणि मी सवयीने तिच्या तोंडाकडे पाहण्याआधी तिच्या पुढच्या डाव्या पायाकडे पाहिले. ही सवय जूनपासूनची आहे.

११ जूनला पाऊस अजून लागला नव्हता आणि माळव्याची काळी जमीन भेगाळून दगडासारखी टणक झाली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही नेहमीची रपेट करून आलो होतो आणि परतताना तिच्या चालीत काहीही वावगे नव्हते. सकाळी तिची देखभाल करणाऱ्या साईसकाकांनी तिला बाहेर काढून चार पावले दुडकी चालवली आणि मला हाक मारली. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला, की तो पाय टेकताना त्याची मान वर उचलली जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. पायाला गाठ नव्हती, सूज नव्हती, जखम नव्हती. फक्त ती मान होती, प्रत्येक दुसऱ्या टापेला वर उचलली जाणारी.

घोडा अचानक पाय धरू लागला, म्हणजे लंगडू लागला, की पहिला संशय खुरात पू झाल्याचा घ्यावा, असे सगळेच जाणते सांगतात, कारण बहुतेक वेळा तेच निघते. नालबंदाने नाल उतरवली, चिमट्याने तळ जागोजाग दाबून पाहिला, खिळ्यांची भोके तपासली. आम्ही आठवडाभर कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून खूर भिजवला आणि पोटीस बांधले. पू असता तर एव्हाना वाट काढून बाहेर आला असता आणि घोडी दुसऱ्या दिवशी धड चालली असती, पण तसे झाले नाही.

मग डॉक्टर आले. त्यांनी खुराच्या मागच्या बाजूच्या नसांना बधिर करणारे इंजेक्शन देऊन तिला पुन्हा चालवले. यात खालून सुरुवात करून वर वर जायचे असते, आणि ज्या टप्प्यावर लंगडणे थांबेल त्याच्या खाली दुखण्याची जागा आहे, असे समजायचे असते. रेवाचे लंगडणे पहिल्या इंजेक्शनने निम्मे कमी झाले आणि पुढच्या टप्प्यावरही निम्मेच राहिले. एक्स-रे स्वच्छ आला. पायाच्या नळीच्या हाडामागच्या दोऱ्यांची, म्हणजे कंडरांची, सोनोग्राफी केली, तीही स्वच्छ. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की हाडातले साधारण ३० टक्के क्षार कमी होईपर्यंत एक्स-रेत काही दिसत नाही, आणि खुराच्या कवचाआड असलेल्या दोऱ्यांपर्यंत सोनोग्राफी नीट पोहोचत नाही. तिथले पाहायचे तर एमआरआय लागतो, आणि तिला त्या यंत्रापर्यंत नेणे आमच्या आवाक्यातले नव्हते. शेवटी त्यांनी चिठ्ठीवर लिहिले: ‘कारण अनिश्चित. सहा महिने विश्रांती, नंतर पुन्हा तपासणी.’

ती चिठ्ठी घेऊन रामबागेतल्या घरी आलो, तेव्हा आईने विचारले, ‘अरे, पण झालंय काय तिला?’ मला उत्तर देता आले नाही, आणि ते न देता येणे मला तिच्या दुखण्यापेक्षाही अधिक लागले, हे मी येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. दुखण्याला नाव असले, की माणसाला त्याच्याशी भांडता येते. नाव नसले, की माणूस स्वतःशी भांडू लागतो. मी शेवटच्या रपेटीचा रस्ता दोन वेळा पायी चालून दगड शोधले. नाल बसवल्याची तारीख काढली. मे महिन्यात कडक जमिनीवर तिला जास्त पळवले का, याचा हिशेब रात्र-रात्र मांडला आणि तो कधीच जुळला नाही.

खरी चूक मात्र त्यात नव्हती. ती पुढे जुलैअखेरीस माझ्याच वहीत सापडली. त्या वहीत मी रोज तिच्या पायाची नोंद करीत असे: आज बरे, आज तसेच, आज किंचित अधिक. महिना संपल्यावर नोंदी मोजल्या, तर ३१ दिवसांपैकी २७ दिवस मी तिला शेतामागच्या पक्क्या रस्त्यावर दुडकी चालवून पाहिले होते. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘संपूर्ण विश्रांती’ असे लिहिलेले होते. ज्या पायाला विसावा द्यायचा, तोच पाय मी रोज डांबरावर आपटून घेत होतो, आणि त्यातून तिचे काहीच होत नव्हते. एका दिवसापुरता जीव शांत होत होता तो माझा. त्या दिवशी मी तिच्या गळ्याला मिठी मारून बराच वेळ उभा राहिलो. डॉक्टरांना फोन करून सारे सांगितले. ते रागावले नाहीत. महिन्यातून एकदाच, एक तारखेला, सरळ रेषेत आणि दोन्ही बाजूंच्या वर्तुळात, एवढेच पाहायचे, असे त्यांनी ठरवून दिले.

ऑगस्टपासून दिवसाचा क्रम बदलला. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जवळजवळ बंद केली, कारण उभ्या घोड्याला दाणा चालू ठेवला तर तो अंगी लागतो, माज चढतो, आणि पुन्हा कामाला लावताच स्नायू आखडण्याची भीती असते. त्याऐवजी वाळले गवत दिवसातून पाच वेळा थोडे थोडे, कारण घोड्याचे पोट लहान असते आणि रिकामे राहिले तर त्यात व्रण पडतात. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, धरून मऊ जमिनीवर फक्त चालवणे. एकटी राहून ती अंग झुलवू लागली, म्हणून शेजारच्या ठाणात एक शेळी आणून बांधली. आता दोघी एकाच ढिगातले गवत ओढतात.

मी रोज खरारा करतो आणि मग खाली बसून पुढच्या दोन्ही पायांची नाडी पाहतो. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटे हलकेच ठेवली, की ती लागते. डाव्याची नाही, तर उजव्याची अधिक काळजी वाटते, कारण घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि एक पाय दुखरा असला की दुसऱ्यावर भार वाढून त्याच्याच खुरात आतून सूज धरू शकते. निरोगी पायाची नाडी इतकी क्षीण असते, की ती सापडायला वेळ लागतो. बोटांखाली काही लवकर सापडत नाही, तो दिवस चांगला. मागचा पाय आलटूनपालटून सैल सोडून घोडे एरवीही उभे राहतात, पण पुढचा पाय पुढे टाकून उभे राहणे हे दुखण्याचे लक्षण. जुलैत रेवा तशी उभी राहत असे. सप्टेंबरपासून मी तिला तशी एकदाही पाहिलेली नाही.

या महिन्यांत शिलेदारांचा विचार फार वेळा मनात आला. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. ज्याच्या एका घोड्यावर सारे घर चालत असे, त्याच्या दारी घोडी महिनोन्‌महिने विनाकारण पाय धरून उभी राहिली, तर त्याने काय केले असेल? माझे पोट रेवावर अवलंबून नाही. तिला थांबू देणे मला परवडते, आणि हे लहान भाग्य नव्हे.

आज साईसकाकांनी तिला पक्क्या रस्त्यावर नेले. मी पाठ करून उभा राहिलो आणि आधी फक्त कान दिले, कारण दुडकीत टापा दोन-दोनच्या जोडीने पडतात आणि ठेका चुकला तर तो डोळ्यांआधी कानाला कळतो. सरळ जाताना ठेका सारखा होता. मग वळून पाहिले. उजव्या वर्तुळात मान स्थिर. डाव्या वर्तुळात, तिसऱ्या-चौथ्या पावलाला, पुन्हा तोच किंचित झोल. लंगडणे मोजण्याच्या पशुवैद्यकांच्या शून्य ते पाच मोजपट्टीवर, जिथे शून्य म्हणजे धड पाय, जूनमध्ये तीन होते, आज दोन म्हणावे लागेल.

‘भैया, थोड़ा है अभी,’ साईसकाका म्हणाले, आणि आणखी एक फेरी मारू का, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ती फेरी फार हवी होती. मी नको म्हटले, मोहरकी हातात घेतली आणि तिला पायी-पायी पागेकडे आणले. शेळी दारात ओरडत होती. वहीत लिहिले: ‘डावे वर्तुळ, दोन. पुढची दुडकी १ डिसेंबर.’