मंडईतला कढीपत्ता
बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला मार्केटिंग मॅनेजमेंट आहे. मॅकार्थी या मार्केटिंगच्या प्राध्यापकाने १९६० मध्ये मांडलेले मार्केटिंगचे चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) मला तोंडपाठ. आज सर्व्हेचा फॉर्म घेऊन पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेले. भाजीवाल्या मावशींना विचारलं, "तुमचा टार्गेट कस्टमर कोण?"

"घेणारेस का? नाहीतर बाजूला हो, गिऱ्हाईक येऊ दे."

घेतली मग कोथिंबीर. २० ची जुडी. "१५ ला द्या ना," म्हटलं (सवय!). मावशींनी पैसे २० च घेतले, वर मूठभर कढीपत्ता पिशवीत टाकला. भाव जागच्या जागी, गिऱ्हाईक खूश. वर्गात यावर अख्खं लेक्चर झालं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर डबा खात होते.

उद्या सबमिशन, फॉर्म कोराच. कढीपत्ता मात्र आईने लगेच फोडणीत घातला.