कडेवरचा तिसरा आकडा

खंडेनवमी झाली की आठवड्याभरात जुन्या युद्धाचा एखादा बिल्ला, म्हणजे पदक, वाचून घ्यायला आमच्या टेबलावर येतोच. यंदा खानापूर तालुक्यातल्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, व्यास ३६ मिलिमीटर. चांदीचं, म्हणजे माणूस लढणाऱ्यांतला. अनुचरांना, म्हणजे पलटणीबरोबर जाणाऱ्या न लढणाऱ्या मजूर-नोकरांना, हेच पदक कांस्याचं मिळे. मूळ रिबन गेलेली, तिच्या जागी देव्हाऱ्यातला लाल दोरा.

"आजेसासऱ्यांचा हाय, सर. नाव आणि पलटण तेवढी वाचून सांगा की."

नाव पदकाच्या तोंडावर नसतं, कडेवर असतं. कडीपासून सुरुवात करून शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण अशी अक्षरं ठोकलेली असतात. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पूजेत मांडायचं म्हणून हे पदक पिढ्यान्‌पिढ्या राखेनं, रांगोळीनं घासलेलं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, चांदीपुढे ती कानसच. घासताना कडी चिमटीत धरतात, म्हणून कडीजवळचा भाग वाचतो आणि कडीच्या विरुद्धची बाजू झिजते. नंबराचे चारही आकडे त्यामुळे शाबूत राहिले. नाव मात्र पुरतं गेलं.

अशी कड वाचायला पावडर भरू नये, ती खाचेत बसते आणि नसलेली अक्षरंही दाखवते. पदक मलमलीवर उभं धरायचं, खोलीतला दिवा बंद, टॉर्च कडेला जवळजवळ चिकटवून आडवा. सावली पडली की खाच उठते. थोडंथोडं फिरवत आठ फोटो काढायचे आणि ते ओळीनं लावून वाचायचे.

पलटणीच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे एक, एक असे निघाले, पुढे मराठ्यांचं नाव. तिसऱ्याची फक्त खालची गोलाई उरली होती. ११०, ११४, ११६ आणि ११७ या चारही तेव्हा मराठा पलटणी. गोलाईमुळे ११४ आणि ११७ बाद. राहिल्या ११० आणि ११६. नुसत्या शिपायाच्या नंबरानं हे सुटत नाही, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीत शिपायांचे नंबर वेगळे चालत. तोच नंबर दोन्हीकडे असू शकतो. आणि या एका आकड्यावर त्या माणसाचं युद्ध ठरतं. ११० वी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत शहराच्या वेढ्यात होती, १४७ दिवस, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि मग तुर्कांची कैद. ११६ वी त्या वेढ्यात नव्हती.

मी फोटो लावत असतानाच आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी बोलून गेले, "कुतचेच वीर आहेत तुमचे." समोरच्याला बरं वाटावं म्हणून ते नेहमी असं करतात. मला ते अजिबात मान्य नाही. मावशींनी पदर डोळ्यांना लावला, मुलानं तिथूनच गावात फोन करून डिजिटल बोर्डाचा मजकूर सांगितला. मी त्याला थांबवलं, कडेचा फोटो मोठा करून दाखवला. "शून्यच दिसतोय की, सर," म्हणाला. एकदा ऐकल्यावर त्याला शून्यच दिसणार.

आजेसासरे काय सांगायचे, असं मावशींना विचारलं. "बसरा" एवढंच नाव घरात राहिलंय. बसरा हे तिकडचं बंदर, तिथं तर मेसोपोटेमियात गेलेली जवळजवळ प्रत्येक पलटण उतरली.

रजिस्टरमध्ये मी "११० किंवा ११६" असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट मिळालं तर घेऊन या म्हटलं. पदक यापुढे कोरड्या सुती कापडानं नुसतं टिपायचं, हेही सांगितलं.

"मग आजवर आम्हीच घालवलं की नाव?" मावशींनी विचारलं.

मी हो म्हणालो. ते तसं म्हणायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.